आहार, सवयी आणि गर्भधारणा: आधी काय बदलावे, कोणी बदलावे आणि किती काळ थांबावे?

प्रश्न

नमस्कार. माझे वय ३३ आहे आणि माझ्या पतीचे ३७. गेले चौदा महिने आम्ही मूल व्हावे म्हणून प्रयत्न करीत आहोत. माझी पाळी कधी ३८ दिवसांनी येते, कधी ४५ दिवसांनी, आणि एकदा तर पूर्ण दोन महिने उलटून गेल्यावर आली. गेल्या चार वर्षांत माझे वजन अकरा किलोंनी वाढले आहे. आज ते ७४ किलो आहे आणि उंची १५८ सेंटिमीटर. पतींचे वजन बेताचे आहे, पण ते रोज आठ-दहा सिगारेटी ओढतात, आठवड्यातून दोन-तीनदा मद्य घेतात आणि कामाच्या वेळा बदलत्या असल्यामुळे त्यांची झोप कधीच सलग होत नाही.

या चौदा महिन्यांत मी ज्यांच्याशी बोलले त्या प्रत्येकाने मला काहीतरी खायला सांगितले किंवा काहीतरी सोडायला सांगितले. दूध सोड, कॉफी सोड, धावायला लाग, धावू नकोस, ताण घेऊ नकोस. हे सगळे सल्ले मलाच मिळाले, पतींना आजवर कोणी एक शब्दही विचारलेला नाही. आमच्या दोघांच्याही कोणत्याच तपासण्या झालेल्या नाहीत. खाण्यापिण्याचा आणि सवयींचा गर्भधारणेवर खरोखर किती परिणाम होतो, तो फक्त स्त्रीच्या बाबतीत असतो की पुरुषाच्याही, आणि तपासण्यांकडे वळण्याआधी या बदलांना आम्ही किती वेळ द्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मला धीर देणारे उत्तर नको आहे, खरे उत्तर हवे आहे.

प्रतिसाद १ (स्त्रीरोगतज्ज्ञ)

ताई, तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पाळी ३८ ते ६० दिवसांनी येते याचा अर्थ बहुधा असा की स्त्रीबीज वेळेवर परिपक्व होऊन अंडाशयाबाहेर पडत नाही, आणि काही महिने पडतच नाही. ज्या स्त्रीची पाळी २८ दिवसांची असते तिला वर्षाकाठी तेरा संधी मिळतात, तुम्हाला कदाचित सहा-सातच मिळत असतील. शिवाय त्या संधी नेमक्या कधी येतात हे कळायला मार्ग नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या २२१ स्त्रियांच्या एका अभ्यासात असे दिसले की गर्भधारणा होते ती फक्त बीज बाहेर पडण्याच्या दिवशी आणि त्याआधीच्या पाच दिवसांतल्या संबंधांतून. पाळी नियमित असेल तर हे सहा दिवस ढोबळमानाने ओळखता येतात, पण अनियमित असेल तर दिवस मोजून काही साधत नाही. त्यामुळे संपूर्ण महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे हाच त्यातल्या त्यात सोपा आणि मनावर कमी ओझे टाकणारा मार्ग ठरतो.

आता वजनाबद्दल. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २९.६ येतो, म्हणजे लठ्ठपणाची रेषा मानल्या जाणाऱ्या ३० च्या अगदी जवळ. चरबी वाढली, विशेषतः पोटाभोवतीची, की शरीरातील पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा होतात आणि स्वादुपिंड त्याची भरपाई करण्यासाठी अधिक इन्सुलिन बनवू लागते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते, आणि रक्तातील ती संप्रेरके बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृतात तयार होते त्याचे प्रमाणही घटवते. परिणामी अंडाशयात बीजपुटके, म्हणजे बीज ज्यांत वाढते त्या बारीक पिशव्या, वाढू तर लागतात, पण त्यांतले एकही पूर्ण वाढीला पोचत नाही. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) या विकाराचा हाच गाभा आहे. तुम्हाला तो आहेच असे मी इथे बसून म्हणणार नाही, कारण थायरॉइडचे विकार आणि प्रोलॅक्टिन हे दूध निर्माण करणारे संप्रेरक वाढणे यांमुळेही पाळी अशीच लांबते. पण शक्यता मोठी आहे, आणि असे असेल तर आहार आणि व्यायाम यांचा परिणाम तुमच्या बाबतीत इतर कोणत्याही स्त्रीपेक्षा जास्त दिसेल. वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले, म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण चार ते सात किलोंनी, तरी अनेक स्त्रियांमध्ये बीज पुन्हा नियमित बाहेर पडू लागते. त्यासाठी शाळेतल्या वजनापर्यंत परत जाण्याची काहीच गरज नाही.

काय खावे याविषयी सर्वांत जास्त उद्धृत होणारी माहिती अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून आलेली आहे. त्यातील १७,५४४ स्त्रियांचा आठ वर्षे पाठपुरावा करून २००७ साली निष्कर्ष मांडण्यात आले. ज्यांच्या जेवणात ट्रान्स फॅट (वनस्पती तुपासारख्या पदार्थांतली चरबी) कमी होते, प्रथिनांचा मोठा वाटा वनस्पतींमधून येत होता, पिष्टमय पदार्थ हळूहळू पचणारे, म्हणजे साल-कोंड्यासह असलेली धान्ये आणि कडधान्ये अशा स्वरूपाचे होते, आणि ज्या नियमाने मल्टीव्हिटॅमिन घेत होत्या, त्यांच्यात बीज बाहेर न पडण्यामुळे येणारे वंध्यत्व कमी आढळले. तुम्हाला दूध सोडायला सांगणाऱ्यांनी हेही ऐकावे की त्याच अभ्यासात साय न काढलेले दूध घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ही अडचण उलट कमी दिसली. मात्र हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. अशा आहाराने वंध्यत्व टळते हे त्याने सिद्ध केलेले नाही, आणि बंद बीजनलिका किंवा एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढणे) यांच्याशी त्याचा संबंधही नाही. तरीही मधुमेह आणि हृदयविकार टाळण्यासाठी जो आहार आम्ही सांगतो तोच हा आहे, त्यामुळे तो घेऊन तोटा कोणाचाच होणार नाही.

कॉफी पूर्ण सोडण्याची गरज नाही, दिवसभरात २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहा, म्हणजे साधारण दोन लहान कप. मद्य मात्र तुम्ही आत्तापासूनच वर्ज्य करा, कारण गर्भ राहिल्याचे कळेपर्यंत त्याचे पहिले काही आठवडे उलटून गेलेले असतात.

एक गोष्ट आजपासून सुरू करा: फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी. ही गर्भ राहावा म्हणून घ्यायची नसते, राहिलेल्या गर्भासाठी घ्यायची असते. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू जिथून घडतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते, आणि तोपर्यंत पुष्कळ स्त्रियांना पाळी चुकल्याचेही नीटसे लक्षात आलेले नसते. ज्या स्त्रियांना आधी ही नलिका नीट न मिटण्याचा दोष असलेले मूल झाले होते त्यांना मोठ्या मात्रेत फॉलिक ॲसिड देऊन केलेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले होते. वंध्यत्वाविषयीच्या बहुतेक सल्ल्यांपेक्षा या एका गोळीमागचा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, किती थांबावे? थांबू नका. बारा महिने नियमित प्रयत्न करूनही गर्भ न राहणे ही जागतिक आरोग्य संघटनेची वंध्यत्वाची व्याख्या आहे. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी तपासणी करावी असे सांगितले जाते, आणि पाळी तुमच्यासारखी अनियमित असेल तर पहिल्या महिन्यापासूनच करायला हरकत नसते. तपासणीची वेळ तुमच्यासाठी केव्हाच येऊन गेली आहे. दोघांच्याही तपासणीची.

प्रतिसाद २ (वीर्यतपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ)

वरील प्रतिसादातील शेवटच्या वाक्यापासून पुढे लिहितो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, सापडते. तरीही माझ्यासमोर येणारा पुरुष बहुतेक वेळा पत्नीच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफ्या आणि बीजनलिकांचा एक्स-रे असे सगळे होऊन गेल्यावर येतो. जी तपासणी सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी आणि सुईचा एक टोचाही न लागणारी आहे ती सर्वांत शेवटी केली जाते, आणि तोपर्यंत त्या स्त्रीने वर्ष-दोन वर्षे स्वतःला दोष देण्यात काढलेली असतात. हे दरवेळी पाहताना मला त्रास होतो.

पुरुषाच्या बाबतीत सवयींचा परिणाम समजून घ्यायचा तर एक आकडा लक्षात ठेवावा. एक शुक्राणू मूळ पेशीपासून तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर वृषणाच्या मागील नलिकेत परिपक्व होण्यात आणखी सुमारे दोन आठवडे जातात. म्हणजे आज तपासलेल्या वीर्यात गेल्या तीन महिन्यांची हकीकत असते. दोन महिन्यांपूर्वी आलेला जोराचा ताप आजच्या अहवालात दिसू शकतो, आणि आज सोडलेल्या सिगारेटचा फायदा दिसायला तीन महिने जावे लागतात. स्त्रीबीजांचा साठा जन्मापासून ठरलेला असतो, पुरुषाच्या शरीरात मात्र नवे शुक्राणू रोज कोट्यवधींनी तयार होत राहतात. पुरुषाच्या हातात बदलण्यासारखे इतके काही असताना तोच मोकळा राहतो, हे मला समजत नाही.

सिगारेटबद्दल माझ्या मनात शंका नाही. शुक्राणू बनताना त्याच्या पेशीतला बहुतेक द्रव गळून पडतो, आणि त्याबरोबर ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारी आणि डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाही बरीचशी निघून जाते. शेपूट हलवणारी ही पेशी इतकी उघडी असते की धुरातून रक्तात आलेल्या घटकांचा मारा तिला झेपत नाही. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि सामान्य आकाराचे प्रमाण सरासरीने कमी आढळते, आणि डीएनए तुटण्याचे प्रमाण जास्त. तुम्ही स्वतः ओढत नसलात तरी घरातला धूर तुमच्याही श्वासात जातो. ओढणाऱ्या स्त्रियांची रजोनिवृत्ती एक ते चार वर्षे आधी येते, यावरून त्या धुराचे अंडाशयाशी किती वाकडे आहे हे कळते. मद्याच्या बाबतीत प्रमाण महत्त्वाचे आहे. रोज किंवा एकाच बैठकीत भरपूर पिण्याने टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणूंची निर्मिती दोन्ही घसरतात, अधूनमधून थोडे घेण्याचा परिणाम त्या मानाने पुसट दिसतो. पण आठवड्यातून दोन-तीनदा म्हणजे प्रत्येक वेळी किती, हे त्यांनी स्वतःलाच प्रामाणिकपणे विचारावे.

उष्णतेचे म्हणाल तर वृषण शरीराबाहेर आहेत ते त्यांना दोन ते चार अंश थंडावा लागतो म्हणूनच. गरम पाण्याच्या टबात बसून राहणे, सॉना, मांडीवर तासन् तास लॅपटॉप, भट्टीजवळचे काम, या गोष्टी टाळता येतील तितक्या टाळाव्यात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ६५६ पुरुषांच्या एका अभ्यासात सैल अंतर्वस्त्रे वापरणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची घनता घट्ट अंतर्वस्त्रे वापरणाऱ्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. घट्ट वापरणारेही बहुतेक सामान्य मर्यादेतच होते, त्यामुळे याचा फार बाऊ करू नये, पण बदलायला कष्ट पडत नाहीत तर बदलावे. मोबाइल खिशात ठेवण्याबद्दल नेहमी विचारले जाते. स्वित्झर्लंडमधील २,८८६ तरुणांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांची घनता कमी दिसली, पण फोन खिशात ठेवल्याने फरक पडल्याचे दिसले नाही. म्हणजे कदाचित फोनपेक्षा त्याभोवतीची बैठी, अपुऱ्या झोपेची जीवनशैलीच कारण असेल.

आता गोळ्यांविषयी, कारण पुरुष बदलायला तयार झाला की पहिली धाव औषधांच्या दुकानाकडे असते. जस्त आणि फॉलिक ॲसिड यांच्या गोळ्या पुरुषांना देऊन अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली आणि २०२० साली तिचे निष्कर्ष आले: वीर्याचा दर्जा सुधारला नाही, जन्मलेल्या बाळांची संख्या वाढली नाही, पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या. त्याच वर्षी व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम, कार्निटिन वगैरे एकत्र असलेल्या गोळ्यांच्या एका लहान चाचणीतही फायदा दिसला नाही. याउलट २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११७ निरोगी तरुणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड दिले, तेव्हा त्यांच्या शुक्राणूंची हालचाल आणि आकार सुधारले. ते तरुण मुळात निरोगी होते आणि मुले किती झाली हे तिथे मोजलेले नव्हते, म्हणून अक्रोड हे औषध आहे असा अर्थ कृपया काढू नका. पण पैसे खर्च करायचेच असतील तर ते डब्यातल्या गोळ्यांपेक्षा ताटातल्या भाज्या, फळे, कवचफळे आणि मासे यांवर करावेत, असे माझे मत आहे.

प्रतिसाद ३ (स्वानुभव)

मी हे लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. तुमच्या पतींची झोप होत नाही, म्हणजे थकवा असणार, आणि थकलेल्या पुरुषाला आजकाल कोणीतरी टेस्टोस्टेरॉनचा सल्ला देतेच, म्हणून लिहितो आहे. मला तो व्यायामशाळेत मिळाला. आठ महिने मी इंजेक्शने घेतली, अंगाने भरलो, उत्साह वाढला आणि आता आपण मूल होण्यासाठी अधिक सक्षम झालो आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पहिल्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या शून्य आली.

डॉक्टरांनी मला जे समजावले ते साध्या शब्दांत असे. वृषणांना काम करायला सांगणारे दोन संप्रेरक-संदेश मेंदूतील पियूषिका ग्रंथी पाठवते. रक्तात बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की त्या ग्रंथीला वाटते, पुरेसे आहे, आणि ती संदेश पाठवणे बंद करते. रक्तातले टेस्टोस्टेरॉन वाढते, पण शुक्राणू बनण्यासाठी वृषणाच्या आत त्याचे प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट लागते आणि ते तिथे कोसळते. याच कारणामुळे टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचा पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून अभ्यास झालेला आहे, हे ऐकल्यावर मला काय वाटले असेल याची कल्पना करा. इंजेक्शने बंद केल्यावर शुक्राणू पुन्हा दिसायला मला अकरा महिने लागले. काहींना त्याहून अधिक लागतात. त्या अकरा महिन्यांत माझ्या पत्नीचे वय ३५ वरून ३६ झाले, आणि तो काळ मी तिला परत देऊ शकत नाही. स्नायू वाढवण्याची कोणतीही पावडर किंवा गोळी घेत असाल तर डॉक्टरांपासून ती लपवू नका.

प्रतिसाद ४

मला तपासण्यांची इतकी घाई पटत नाही. आम्ही दोघांनी सहा महिने फक्त आहार आणि व्यायाम यांकडे लक्ष दिले, माझे नऊ किलो उतरले आणि सातव्या महिन्यात दिवस राहिले. तपासणीच्या चक्रात एकदा शिरले की बाहेर पडता येत नाही. वजन उतरल्याशिवाय औषधांचाही उपयोग होत नाही असे ऐकले आहे. आधी सहा महिने शरीराला द्या, मग पाहा.

प्रतिसाद १ मधील स्त्रीरोगतज्ज्ञांचे उत्तर

तुम्हाला यश आले याचा मनापासून आनंद आहे, आणि तुमचा अनुभव खराच आहे. पण तो सर्वांना लागू करता येत नाही. नेमका हाच प्रश्न नेदरलँड्समध्ये ५७७ लठ्ठ, वंध्यत्व असलेल्या स्त्रियांवर तपासला गेला. निम्म्यांना आधी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला आणि मग उपचार, बाकीच्यांना लगेच उपचार. २०१६ साली आलेल्या निष्कर्षांत, दोन वर्षांत पूर्ण दिवसांचे, एकच, निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचे प्रमाण आधी वजन उतरवणाऱ्या गटात २७ टक्के आणि लगेच उपचार घेणाऱ्यांत ३५ टक्के होते. आधी वजन उतरवणाऱ्या गटात औषधांशिवाय गर्भ राहण्याचे प्रमाण मात्र जास्त होते, म्हणून वजन उतरवणे निरर्थक होते असे कोणी म्हणू नये. मला यातून एवढेच दिसते की दोन्ही गोष्टी बरोबर चालाव्यात, एकीसाठी दुसरी थांबवू नये.

थांबण्याची किंमत मी रोज पाहते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात, वयात येताना तीन-चार लाख उरतात, आणि पस्तिशीनंतर, विशेषतः ३७ च्या पुढे, त्यांची संख्या आणि दर्जा दोन्ही वेगाने घसरतात. ही घसरण उलटवणारा कोणताही आहार नाही. बीजनलिका जंतुसंसर्गाने बंद झाल्या असतील, पतींच्या वीर्यात शुक्राणूच नसतील, तर सहा महिने कितीही निष्ठेने सॅलड खाल्ले तरी हाती फक्त सहा महिने वाढलेले वय येते. आणि औषधांचा उपयोग होत नाही हेही खरे नाही. पीसीओएसमध्ये बीज परिपक्व करण्यासाठी लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचे औषध आहे, आणि ते वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्येही काम करते.

प्रतिसाद ५ (स्वानुभव)

ताई, मी या चित्राच्या दुसऱ्या टोकाला होते. वजन कमी केले की मूल होते एवढेच डोक्यात घेऊन मी जेवण अर्ध्यावर आणले आणि रोज दहा किलोमीटर धावू लागले, माझे वजन मुळात जास्त नसताना. पाचव्या महिन्यात पाळी पूर्ण थांबली. शरीराला मिळणारी ऊर्जा आणि खर्च होणारी ऊर्जा यांचा मेळ बसेनासा झाला की मेंदूतला हायपोथॅलॅमस अंडाशयाला हाक मारणेच बंद करतो. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन घटले की त्याला दुष्काळाची सूचना मिळते आणि दुष्काळात शरीर गर्भ धरत नाही. मला सहा किलो वाढवावे लागले, धावणे सोडून चालणे आणि हलके वजन उचलणे यांवर यावे लागले, तेव्हा कुठे पाळी परतली. तुमचे प्रकरण वेगळे आहे, तुम्हाला वजन उतरवायचेच आहे, पण ते महिन्याला एक-दोन किलोंनी उतरू द्या. उपाशी राहून उतरवलेले वजन पाळीला आणखी बिघडवू शकते.

आणि "ताण घेऊ नकोस" हे वाक्य जितक्या लोकांनी तुम्हाला ऐकवले असेल, त्यांचे मनाला लावून घेऊ नका. २०११ साली १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, आणि टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांआधी मनावर असलेल्या ताणाचा आणि उपचार यशस्वी होण्या-न होण्याचा संबंध आढळला नाही. ताण कमी व्हावा तो तुमची झोप लागावी, तुमचे घर सुखाचे राहावे म्हणून. तुम्ही रडलात म्हणून गर्भ राहिला नाही, असे कधीही समजू नका. हे मला कोणी वेळेवर सांगितले असते तर फार बरे झाले असते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सगळे प्रतिसाद मी पतींसमोर मोठ्याने वाचले. तीन महिन्यांची गोष्ट ऐकून ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले की तपासणी आधी त्यांचीच करू. सिगारेट सोडण्यासाठी ते समुपदेशकांकडे जाणार आहेत, एकट्याने दोनदा प्रयत्न फसला आहे. मी फॉलिक ॲसिड सुरू केले आणि पुढच्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. तंत्रज्ञ दादांना एक विचारायचे होते: वीर्यतपासणीआधी काय काळजी घ्यावी? सिगारेट सोडून तीन महिने झाल्यावर करावी की आत्ताच? आणि अहवालात आकडे कमी आले तर त्यांचा अर्थ कसा लावावा?

प्रतिसाद २ मधील तंत्रज्ञांचे उत्तर

आत्ताच करा. सिगारेट सोडल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा केली तर त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी फरक पाहता येईल, आणि सोडलेली सवय टिकायला त्याची मदत होते असा माझा अनुभव आहे. तपासणीआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यपतन झालेले नसावे. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतल्या खोलीतच द्यावा. घरून आणायचा झाल्यास तासाभराच्या आत, शरीराच्या उबेला, अंगाजवळ धरून आणावा. कंडोममध्ये किंवा वंगण वापरून घेतलेला नमुना चालत नाही, कारण त्यांतले पदार्थ शुक्राणूंना मारतात. नमुन्याचा पहिला भाग सांडला असेल तर संकोच न करता सांगावे, कारण बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात आणि तो नसेल तर अहवाल खोटा कमी येतो. गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर तोही अर्जावर लिहावा.

आकड्यांविषयी: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, शुक्राणूंची घनता दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारी हालचाल ३० टक्के आणि सामान्य आकार ४ टक्के. शेवटचा आकडा वाचून लोक घाबरतात, पण शंभरातले चारच शुक्राणू चांगल्या आकाराचे असणे हे सामान्य आहे. या मर्यादा ज्या पुरुषांच्या जोडीदारांना वर्षभराच्या आत गर्भ राहिला त्यांच्या मोजमापांवरून काढल्या आहेत, आणि त्यांतल्याही पाच टक्के पुरुषांचे आकडे त्यांच्या खाली होते. म्हणून थोडा कमी आकडा म्हणजे मूल होणार नाही असे नव्हे, आणि एका अहवालावरून कोणताही निर्णय घेऊ नये, कारण एकाच पुरुषाचे दोन नमुने एकमेकांपासून बरेच वेगळे येतात. कमी आला तर काही आठवड्यांनी दुसरा द्या, आणि दोन्ही कमी आले तर पुरुषांच्या वंध्यत्वाचे जाणकार असलेल्या डॉक्टरांकडून वृषणांची प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, हे वंध्यत्व असलेल्या पुरुषांमध्ये वारंवार आढळणारे आणि उपचार करता येणारे कारण आहे, आणि ते आहार बदलून जात नाही. पहिला अहवाल आला की इथे आकडे लिहा, मी वाचून सांगेन.